गळतीकाकांचा अर्धा फेरा

गळतीकाका आमच्या घरात पहिल्यांदा आले ते एकदम आले नाहीत. आधी त्यांचं नाक आलं. आम्ही या इमारतीत राहायला येऊन दोन तास झाले होते, खोकी दारातच पडली होती, आणि उघड्या दारातून एक नाक आत शिरलं. असं नाक मी त्याआधी फक्त जहाजांना पाहिलं होतं. नाकाने बाहेरच्या खोलीचा अंदाज घेतला, खोक्यांना वळसा घातला आणि स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. त्याच्यामागून साधारण पाऊण मिनिटाने चष्मा आला, मग अर्ध्या बाह्यांचा शर्ट आला, आणि सगळ्यात शेवटी, आपला या प्रकरणाशी फारसा संबंध नसल्यासारखे, दोन पाय आले.

"ओट्याखाली. उजवा कोपरा," नाक म्हणालं.

"आपण कोण?" बायकोने विचारलं. कुकरचं झाकण ती ढालीसारखं धरून उभी होती.

"ते नंतर. आधी गळती."

त्यांनी शर्टाच्या खिशातून दाढीचा ब्रश काढला, पँटच्या खिशातून साबणाच्या पाण्याची बाटली काढली, ओट्याखाली डोकं घातलं आणि गॅसच्या जोडाला फेस लावला. आम्ही नवराबायको वाकून बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग फेसातून टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा वर आला. काकांनी त्याच्याकडे ज्या मायेने पाहिलं त्यावरून मला वाटलं, आता त्याला कडेवर घेतात.

जोड आवळून झाल्यावर त्यांनी बारीक कुंचल्याने स्क्रूवरून खालच्या पट्टीपर्यंत एक पांढरी रेघ ओढली. "गॅस कंपनीची पद्धत," ते म्हणाले. "आवळलेल्या जोडावर रेघ मारायची. रेघ सरळ आहे तोवर जोड जागेवर आहे. रेघ तुटली की समजायचं, कुणीतरी हात लावला."

जाताना दारात थांबून म्हणाले, "मी तळमजल्यावर, पहिलं दार. काही गळलं तर सांगा." मग जरा थांबून म्हणाले, "नाही गळलं तरी या."

पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं. दुसरं म्हणायची पद्धत असते म्हणून सोडून दिलं.

काकांनी चौतीस वर्षं गॅस कंपनीत गळती शोधण्याचं काम केलं होतं. रस्त्याखालच्या पाइपला कुठे भोक पडलंय हे ते वर उभं राहून सांगायचे आणि यंत्र आणून बघितलं तर यंत्रच चुकलेलं निघायचं, असं ते स्वतः सांगायचे. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. नाक घरी घेऊन जायची परवानगी होतीच. तेव्हापासून इमारतीतला एकही नळ, टाकी, पंप किंवा शेगडी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. कुणाच्या घरी गेले की आधी भिंती हुंगत आणि मग नमस्कार करत. त्यामुळे त्यांना गळतीकाका हे नाव पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडत होतं. पुढे पुढे इमारतीत गळायचं काही शिल्लकच राहिलं नाही. एका माणसाने आपलं काम इतकं चोख करावं की त्याला बोलवायला कुणाला निमित्त उरू नये, असं ते झालं.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. काका दोन खोल्यांत एकटे असत. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून बसून तिथे खळगा पडला होता. उजवी गादी दुकानातून आणल्यासारखी फुगलेली होती. दर शनिवारी ते स्वतःच्या शेगडीचा जोड साबणाने तपासत. मी एकदा विचारलं, "काही निघालं का?" तर म्हणाले, "नाही. कसं निघणार? मीच बसवलाय." एवढा निराश झालेला निष्णात माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. त्याला आम्ही चिरंजीव म्हणायचो, कारण काकाही तसंच म्हणायचे. चिरंजीव जाताना आपली गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये करड्या कव्हराखाली ठेवून गेले होते. गाडी टर्बोची होती. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, हे मला काकांनी समजावलं. "आपण आजारी माणसाला चमच्याने भरवतो ना, तसं. फक्त हा चमचा मिनिटाला लाखावर फेरे घेतो." या गाडीवरून बापलेकांत पूर्वी कडाक्याची भांडणं झाली होती. एकदा तर काकांनी, माझ्या घरात त्या गाडीचं नाव काढायचं नाही, असं सांगितलं होतं, आणि चिरंजीव चार महिने घरात कशाचंच नाव काढत नव्हते.

आता रविवारी सकाळी चिरंजीवांचा फोन यायचा. "बरे आहात ना?" "बरा आहे. तू?" "मीही. जेवण वेळेवर?" "हो." "चला, ठेवतो मग." दीड मिनिट. मग काका फोन टेबलावर ठेवत आणि पुढच्या रविवारपर्यंत मोकळे असत.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण मी मूर्ख ठरलो म्हणून तुम्हीही ठरावं असं काही नाही. एका रविवारी काका सहज म्हणाले, "तुझ्या गाडीच्या पुढच्या भागात तो प्लॅस्टिकचा जाड पाइप आहे ना, त्याला चीर गेलीय." आणि चिरंजीव त्या दिवशी बेचाळीस मिनिटं बोलले. हवा फिल्टरमधून टर्बोत कशी येते, तिथून थंड होऊन इंजिनात कशी जाते, गाडीच्या कंपनीचा पाइप वळणावर कसा चिंचोळा होतो आणि दाबाने कसा तडकतो, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कंपनीचा परत घेऊ नका बाबा. बाहेरचे चांगले मिळतात. बघून ठेवा, मग बोलू." मग बोलू. हे दोन शब्द काकांनी चार वर्षांत ऐकले नव्हते. ज्या गाडीचं नाव काढायचं नव्हतं तिच्या पाइपमध्ये त्या दिवशी काकांचा जीव अडकला.

मी मात्र सात महिने नुसता पाइपच बघत होतो.

आणि काय बघितला. जगात मुलीसाठी स्थळं बघतात, घरासाठी जागा बघतात, पण पाइपसाठी अशी चिकित्सा झाली नसेल. ॲल्युमिनियम की सिलिकॉन, यावर दोन महिने गेले. ॲल्युमिनियम गुळगुळीत, पण इंजिनच्या उष्णतेने तापतो. सिलिकॉन तापत नाही, पण दाबाने फुगतो. मग जाडी. सत्तावन्न मिलिमीटर की त्रेसष्ट? "सत्तर का नाही?" मी एकदा विचारून बसलो. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाइप मोठा झाला की भरायला वेळ लागतो. पाय दाबला आणि गाडी विचार करत बसली. तुमच्यासारखी."

जुना पाइप काढून त्यांनी त्याचं एक टोक बंद केलं, त्यात मापाने पाणी ओतलं आणि किती मावतं ते वहीत लिहिलं. दुसरं टोक मी धरलं होतं, म्हणून निम्मं पाणी माझ्या बाहीत मावलं, तेही लिहिलं, आणि पाइप परत बसवला. एकदा जाड तार इंजिनच्या सांदीकोपऱ्यातून फिरवून त्यांनी वळणांचा साचा केला आणि तो सापासारखा गळ्यात घालून बसने सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारीण म्हणाली, "काका, मागच्या वेळी सगळं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. पण चिरंजीवांना एक विचारायचं राहिलं."

"मग विचारा फोन करून."

"रविवारी विचारतो."

"आज सोमवार आहे."

"मग मंगळवार येईलच," काका म्हणाले आणि तार घेऊन परत आले.

त्या वहीत एक पान मी चुकून पाहिलं होतं. वर 'रविवार' असं लिहून खाली तीन प्रश्न होते. तीनच. तिसऱ्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मार्चमध्ये विचारला आहे. आठवत नसेल. पुन्हा चालेल.' मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, काकांची स्मरणशक्ती चालली. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. इथे तीन वाक्यं वाया गेली.

शेवटी चिरंजीवच वैतागले. "बाबा, तुम्ही आणखी दोन वर्षं बघत बसाल. मीच पाठवतो." खरोखर पाठवलं. ॲल्युमिनियमचे दोन पाइप, त्रेसष्ट मिलिमीटर, जोडायला सिलिकॉनचे काळे तुकडे आणि आठ क्लिपा. खोकं आलं तेव्हा काकांनी सही केली, ते उजव्या गादीवर ठेवलं, आणि तीन आठवडे ते दोघं सोफ्यावर शेजारीशेजारी बसून होते.

"उघडा की," मी म्हणालो.

"घाई काय आहे?"

"मुलाने एवढ्या हौसेने पाठवलंय. त्याला काय वाटेल?"

हे लागू पडलं. खोकं उघडलं. पाइप आतून फडक्याने इतक्यांदा पुसले की एखादं बाळ असतं तर ते रडलं असतं. "कापताना राहिलेला धातूचा एक कण टर्बोत गेला तर पंखा संपला," काका म्हणाले. जुना पाइप निघाल्याबरोबर टर्बोच्या उघड्या तोंडात त्यांनी स्वच्छ फडकं कोंबलं आणि त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधलं. "म्हणजे विसरायला नको. फडकं आत राहिलं तर तुम्ही पण आत." दीड तास मी त्या गाडीला बांधलेला होतो. माझी बायको वरून डोकावून म्हणाली, "बरं झालं. आता हे कुठे जात नाहीत." काका हसले, आणि पाइपचं टोक सिलिकॉनमध्ये सरकवून हाताने फिरवत राहिले, वळण नीट जुळेपर्यंत. पंख्याजवळ तारा येऊ नयेत, बॉनेट बंद करताना पाइप घासू नये, इंजिन हललं तर त्याला हलायला जागा राहावी. एकेक क्लिप आवळली, आणि आवळलेल्या प्रत्येक क्लिपवर पांढरी रेघ आली. आठ क्लिपा, आठ रेघा. हे काम तीन सकाळींचं होतं. काकांनी ते पाच रविवार पुरवलं.

मग परीक्षा. गॅस कंपनीच्या रीतीने त्यांनी पाइपची दोन्ही टोकं बुचांनी बंद केली, एका बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवला होता. मी पायपंपाने हवा भरत होतो आणि ते ब्रशने प्रत्येक जोडाला फेस लावत होते. एकही बुडबुडा आला नाही. काका बराच वेळ तिथे वाकून उभे राहिले. मला वाटलं, समाधान बघतायत.

फोन झाला. "बसवला." "अरे वा, मस्त बाबा. झालं एकदाचं. मग? बरे आहात ना?" दीड मिनिट.

पुढच्या रविवारी मी काकांच्या शेजारी बसून गल्लीच्या टोकाच्या चढावर गेलो. काकांनी पाय दाबला, आणि बॉनेटमधून एक लांबलचक सुस्कारा आला. सुऽऽऽ. जशी काही गाडीच म्हणाली, जाऊ दे, काय करायचंय.

"गळतंय," मी म्हणालो.

"गळतंय खरं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

त्या दिवशी फोन अडतीस मिनिटं चालला. चिरंजीवांनी दहा शक्यता सांगितल्या. काकांनी त्या लिहून घेतल्या आणि आठवड्याला एक या दराने तपासल्या. थंड करणारी जाळी, ठीक. बारीक नळ्या, ठीक. फिल्टरचा डबा, ठीक. नऊ आठवडे झाले. सुस्कारा तसाच.

इमारतीत व्हायची ती चर्चा झाली. चौतीस वर्षं जमिनीखालचं हुंगणाऱ्याला डोळ्यासमोरचं सापडेना. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात म्हणाले, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." कुणाच्या तरी घरी नळ ठिबकायला लागला तेव्हा त्यांनी बाहेरून माणूस बोलावला. काका आपल्या दारात उभे होते. तो माणूस त्यांच्यासमोरून हत्यारांची पिशवी घेऊन वर गेला.

"नाक गेलं हो त्यांचं," माझी बायको म्हणाली. "वय झालं की जातंच."

मी त्यांना हे सांगितलं. सांगायला नको होतं. "असेल," ते म्हणाले. "नाकाचा काय भरवसा." आणि वही उघडून पुढच्या रविवारचे तीन प्रश्न लिहायला लागले. ज्या गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर ताठ चालला ती त्याने चारचौघांत खाली ठेवून दिली होती, आणि मला त्याची नुसती कीव येत होती.

कीव फार वाईट. ती माणसाला कामाला लावते. त्या आठवड्यात काका डोळ्यांच्या तपासणीसाठी दिवसभर बाहेर जाणार होते. गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले होते. मी ठरवलं, आपण गळती शोधायची, गुपचूप बंद करायची, आणि जिन्यात सगळ्यांना सांगायचं की काकांनीच शोधली. असा उदात्त विचार माझ्या डोक्यात वर्षातून एकदा येतो आणि त्याचं नुकसान पुढे वर्षभर पुरतं.

बुचं लावली, पंप मारला, फेस लावला. गळती तिसऱ्या मिनिटाला सापडली. टर्बोनंतरचा दुसरा जोड. हाताला सगळ्यात सोपा, स्क्रू वर तोंड करून असलेला. फेसातून बुडबुडे असे निघत होते की आंधळ्यालाही ऐकू आले असते. मी फडक्याने क्लिप पुसली. तिच्या पट्टीवर पांढऱ्या रेघा दोन होत्या. एक जुनी, आवळल्याच्या वेळची. दुसरी नवी, तितकीच बारीक, तितकीच सरळ. स्क्रूवरची रेघ या दुसरीशी जुळत होती, म्हणजे स्क्रू बरोबर अर्धा फेरा मागे होता.

आता कुणालाही विचारा. ज्याची रेघ चौतीस वर्षांत वाकडी गेली नाही तो ढिला जोड चुकून रेघ मारून ठेवेल का? मला हा प्रश्न पडला नाही. मी म्हटलं, बिचारे, हात थरथरत असेल. अर्धा फेरा फिरवला, जुनी रेघ जुळवली, नवी रेघ नखाने खरवडून काढली. चढावर जाऊन आलो. गाडी चिडीचूप. आणि मग, हात दाखवून अवलक्षण कसं करायचं याचा धडा म्हणून, मी चिरंजीवांना निरोप पाठवला: 'गळती सापडली. बंद केली. आता काळजी नको.' त्यांचं लगेच उत्तर आलं: 'फार आभार. बाबांना म्हणावं, आता आराम करा.'

रविवारी शाबासकी घ्यायला मी खाली गेलो. काका सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले होते. फोन टेबलावर होता. येऊन गेलेला होता. वही बंद होती.

"तुम्ही शोधलीत म्हणे," ते म्हणाले.

"सोपी होती, काका. दुसरी क्लिप."

"हं. किती फिरवलीत?"

"अर्धा फेरा."

"अर्धाच होता," काका म्हणाले. "मी मोजून ठेवला होता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भिंतीवरचं कंपनीचं घड्याळ चालत होतं, आणि मला मार्चचा तो प्रश्न आठवला, तीन आठवडे सोफ्यावर बसलेलं खोकं आठवलं, चढावर उजळलेला चेहरा आठवला. सगळे जोड एकदम बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "परत ढिली करून ठेवू?"

"आता नाही चालणार. तो म्हणाला, परत आवाज आला तर सरळ गॅरेजमध्ये टाका, तुम्ही वाकत बसू नका." ते जरा हसले. "काळजी करतो हो माझी."

"मग धुराचा पाइप बदलू. तोही बाहेरचा मिळतो. बरीच वर्षं लागतील."

"विचारलं. म्हणाला, बास आता बाबा, झाली ना गाडी चांगली." काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि म्हणाला, चांगली झालीय तर विकून टाका, नुसती उभी कशाला ठेवायची."

मी आणखी थोडा वेळ बसलो. कुठे बसावं कळेना म्हणून उजव्या गादीवर बसलो. ती इतकी फुगलेली होती की मी त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच बसलो होतो, आणि तसाच वरून खाली बघत काहीबाही बोलत होतो. निघताना त्यांनी दारापर्यंत सोडलं.

"घरी ताईंना सांगा," ते म्हणाले, "नाक शाबूत आहे. मास्तरांना नाही सांगितलंत तरी चालेल."

गाडी पुढच्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या दंतवैद्यांनी घेतली. त्यांनी ते दोन्ही पाइप काढून कंपनीचे प्लॅस्टिकचे बसवून घेतले. बाहेरच्या पाइपांनी टर्बोचा आवाज फार येतो म्हणे.